साठ पेसो, जेवणाचं टेबल आणि मोक्ष

हुआन रुल्फो या मेक्सिकन लेखकाची 'पेद्रो पारामो' ही कादंबरी १९५५ साली प्रसिद्ध झाली. आकाराने लहान, दोन बैठकांत वाचून होते. पण एका वाचनात सगळी कळली असं सांगणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. आपल्याकडे तिच्याबद्दल बोलताना बहुतेक वेळा एकच चिठ्ठी चिकटवली जाते: जादुई वास्तववाद. मेलेली माणसं बोलतात, कबरीत पडल्या पडल्या गावच्या उखाळ्यापाखाळ्या काढतात, म्हणजे हा कोलंबियन कादंबरीकार गाब्रिएल गार्सिया मार्केसचा पूर्वज. मार्केसला ही कादंबरी तोंडपाठ होती हे त्यानेच सांगून ठेवलंय, त्यामुळे नातं खोटं नाही. २०२४ साली तिच्यावरचा रोद्रिगो प्रिएतोचा चित्रपट नेटफ्लिक्सवर आला, तेव्हा 'भुतांचं गाव' ही ओळख आणखी पक्की झाली.

ही ओळख मला नुसती अपुरी नाही, चुकीची वाटते. कोमाला या गावात जे घडतं त्यात जादू फारच थोडी आहे. कॅथलिक धर्माने मृत्यूनंतरचे जे नियम सांगितले, ते रुल्फोने शब्दशः खरे मानले आणि मग विचारलं: हे नियम ज्याच्या हातात आहेत तोच माणूस जमीनदाराचा मिंधा असेल तर? सगळी कादंबरी या एका प्रश्नातून उलगडत जाते. तिच्यातला ख्रिस्ती आशय बाजूला ठेवून ती 'वैश्विक' म्हणून वाचणं म्हणजे तिच्यातलं भांडणच काढून टाकणं.

कथा थोडक्यात अशी. हुआन प्रेसियादो आईच्या मृत्युशय्येवर शब्द देतो की कोमालाला जाऊन बापाला, पेद्रो पारामोला, भेटेन. आईने बजावलेलं असतं की त्याच्याकडे मागू नकोस, आपल्या हक्काचं आहे ते वसूल कर. वाटेत आबुंदियो नावाचा खेचरवाला भेटतो, तोही त्याच बापाचा मुलगा निघतो. गाव रखरखीत, इतकं तापलेलं की तिथले लोक मरून नरकात गेले तर घोंगडी न्यायला परत येतात, असं हा आबुंदियोच सांगतो. गावात भेटणारा जवळजवळ प्रत्येक जण मेलेला आहे हे हळूहळू उमगत जातं. पुस्तकाच्या मध्यावर कळतं की हे सांगणारा हुआन स्वतःही मेला आहे, आणि दोरोतेआ नावाच्या म्हातारीसोबत एकाच कबरीत पडून तिला ही हकिकत ऐकवतो आहे. कुजबुजीने मला मारलं, असं तो म्हणतो. इथून पुढे पेद्रो पारामोचा काळ तुकड्यातुकड्यांनी उघडत जातो.

आता नियम काय आहे ते पाहू. कॅथलिक श्रद्धेनुसार पापाची क्षमा मिळूनही ज्याची पूर्ण शुद्धी झालेली नाही, असा आत्मा स्वर्गात जाण्यापूर्वी शुद्धीच्या एका अवस्थेतून जातो. तिला पर्गेटरी म्हणतात. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मसभेने १५६३ साली हे ठामपणे मांडलं, आणि त्याला जोडून आणखी एक गोष्ट सांगितली: या आत्म्यांना जिवंत माणसांच्या प्रार्थनेची, त्यातही मिस्साबलीची, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेची, मदत होते. वसईच्या किंवा गोव्याच्या वाचकाला हे समजावून सांगायला नको. २ नोव्हेंबरला कबरींवर मेणबत्त्या लावल्या जातात, मृतांच्या नावाने मिस्सा अर्पण होते, ती याच श्रद्धेतून. जिवंत आणि मृत यांच्यातला हा देवाणघेवाणीचा धागा फार सुंदर आहे असं मला वाटतं. मेल्यावरही माणूस एकटा पडत नाही, त्याच्यासाठी कुणीतरी काही करू शकतं.

पण त्या 'कुणीतरी'वर सगळं अवलंबून आहे. कोमालात जिवंत माणूस जवळजवळ उरलेला नाही. दोरोतेआ आपल्या आत्म्याबद्दल बोलते तेव्हा अगदी सहज सांगते की तो इतरांसारखाच भटकत असेल, आपल्यासाठी प्रार्थना करणारं जिवंत कुणी भेटतंय का ते शोधत. म्हणजे ही माणसं झपाटायला आलेली नाहीत. त्यांचा अर्ज पडून आहे आणि कचेरीला कुलूप आहे. काही टीकाकार या मृतांचं मूळ स्पॅनिश येण्याआधीच्या मृत्युलोकाच्या कल्पनांत शोधतात. मेक्सिकोच्या मातीत ते थर आहेतच, मृतांच्या दिवसाचा उत्सवही अशाच सरमिसळीतून आलाय. पण कोमालातले मृत मागतात काय? मिस्सा, प्रार्थना, क्षमा. त्यांचं मागणं पूर्णपणे कॅथलिक आहे.

कुलूप लावणाऱ्या माणसाचं नाव फादर रेन्तेरीया. तो मला कादंबरीतलं सर्वांत थोर पात्र वाटतो. पेद्रो पारामोपेक्षाही. पेद्रो पारामो हा शेवटी एक जमीनदार आहे. 'मेदिया लुना' ही त्याची हासिएन्दा, म्हणजे जमीनदारी, आणि कर्ज बुडवायचं तर सावकारीणच बायको करून घ्यायची, ही त्याची अक्कल. हुआनची आई दोलोरेस प्रेसियादो हिच्याशी लग्न ठरतं ते याच हिशेबाने. आता घाई आहे. चर्चचा नियम असा की लग्नाआधी त्याची जाहीर घोषणा व्हायला हवी, कुणाची हरकत असेल तर ती यावी म्हणून. कारभारी फुल्गोर सेदानो मालकाला अहवाल देतो: घोषणा गाळायच्या तर फादर साठ पेसो मागताहेत. शिवाय वेदीची डागडुजी व्हायला हवी म्हणतात, आणि त्यांचं जेवणाचं टेबल पार खिळखिळं झालंय. मी नवं टेबल पाठवायचं कबूल केलंय. तुम्ही मिस्सेला येत नाही अशी त्यांची तक्रार आहे, याल असं मी सांगितलंय. तुमची आजी वारल्यापासून तुमच्या घरून चर्चचा दशमांश बंद आहे, त्याचीही काळजी करू नका म्हटलं.

रुल्फो या प्रसंगावर एका शब्दाचंही भाष्य करत नाही. पण यादी बघा: साठ पेसो, वेदी, टेबल, मिस्सा, दशमांश. देवाचं आणि धर्मगुरूच्या जेवणघराचं सामान एकाच ओळीत, आणि सगळ्याला एकच आश्वासन, होऊन जाईल. भ्रष्टाचार म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पेट्या-खोके येतात. इथे एक मोडकं टेबल आहे. धर्मगुरू श्रीमंत व्हायला निघालेला नाही, त्याला फक्त नीट जेवायला बसायचं आहे. हे इतकं छोटं आहे म्हणूनच जास्त झोंबतं.

पुढे पेद्रो पारामोचा मुलगा मिगेल घोड्यावरून कुंपणाची भिंत ओलांडताना मरतो. या मिगेलने फादरच्या भावाचा खून केलेला आहे. त्याची माफी मागायला म्हणून रात्री तो आनाच्या, म्हणजे मारल्या गेलेल्या भावाच्या मुलीच्या, खोलीत शिरला आणि तिच्यावर बलात्कार करून गेला. त्याचं प्रेत चर्चमध्ये आणलंय. फादर आशीर्वाद द्यायला नकार देतो. लोक विनवतात, तो बधत नाही. मग पेद्रो पारामो येतो, गुडघे टेकण्याच्या बाकावर मूठभर सोन्याची नाणी ठेवतो आणि म्हणतो, चर्चला देणगी समजा. लोक निघून गेल्यावर फादर ती नाणी एकेक करून उचलतो, वेदीपाशी जातो आणि देवाला सांगतो की ही तुझी आहेत. तो मोक्ष विकत घेऊ शकतो, ही त्याची किंमत आहे की नाही ते तुझं तू जाण. मला विचारशील तर त्याला नरकात टाक. मग एका कोपऱ्यात पडून तो दुःखाने आणि खिन्नतेने रडतो, आणि शेवटी म्हणतो, ठीक आहे देवा, तू जिंकलास.

आधुनिक कादंबरीतली इतकी प्रामाणिक प्रार्थना मी दुसरी वाचलेली नाही. तिच्यात पळवाटही आहे, तीही तितकीच खरी. निर्णय घ्यायचा होता फादरने. तो त्याने देवावर ढकलला आणि नाणी मात्र उचलली. येशूला पकडून देणाऱ्या ज्यूडासची तीस नाणी इथे आठवल्याशिवाय राहत नाहीत. फरक एवढाच की ज्यूडासने ती मंदिरात भिरकावून दिली होती.

या प्रसंगाचं खरं वजन त्याच रात्रीच्या संभाषणात आहे. फादर घरी येऊन आनाशी बोलतो. ती म्हणते, तो नरकाच्या तळाशी असणार, कारण मी सगळ्या संतांकडे तेच मागितलंय. फादर उत्तरतो: इतकी खात्री बाळगू नकोस पोरी. त्याच्यासाठी आत्ता किती जण प्रार्थना करत असतील कुणास ठाऊक. तू एकटी आहेस. हजारो मागण्यांपुढे तुझी एक मागणी, आणि त्यात त्याच्या बापाचीही.

हे वाक्य वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. प्रार्थनेची ताकद संख्येवर ठरत असेल तर ज्याच्या रानात गाव राबतं त्याच्यासाठी गाव प्रार्थना करणारच. म्हणजे स्वर्गातही त्याचंच बहुमत. आणि आना? जिच्यावर अन्याय झाला तिला कुणी विचारलंच नाही की तुझी क्षमा करायची तयारी आहे का. क्षमा दिली काकाने, घेतली आरोपीच्या बापाने, आणि ती दिली आहे हे तिला सांगायचं धैर्यही काकाला झालं नाही. तो ते फक्त मनात म्हणतो. क्षमा हा ख्रिस्ती धर्माचा प्राण आहे हे मान्य. पण पीडितेच्या डोक्यावरून, तिसऱ्याच माणसाने, सत्तेच्या उपस्थितीत दिलेली क्षमा ही क्षमा असते का, हा प्रश्न रुल्फोने सत्तर वर्षांपूर्वी विचारून ठेवलाय. मेक्सिकोत आणि मेक्सिकोबाहेर, चर्चमध्ये आणि चर्चबाहेर, तो अजून कुणी नीट सोडवलेला नाही.

नाण्यांच्या शेजारी मारिया दियादाचा प्रसंग ठेवला की जमाखर्च पूर्ण होतो. तिची बहीण एदुविहेस हिने आयुष्यभर गावाला घरात थारा दिला, ज्याने जे मागितलं ते दिलं, आणि शेवटी आत्महत्या केली. मारिया फादरकडे येते, तिला वाचवा म्हणून. फादर सांगतो, देवाच्या हाताविरुद्ध वागली ती, साठवलेलं सगळं पुण्य एका क्षणात घालवलंन. फार तर ग्रेगोरियन मिस्सांनी काही झालं तर. या मिस्सा म्हणजे सलग तीस दिवस, रोज एक. त्यासाठी बाहेरून धर्मगुरू बोलवावे लागतील आणि त्याला पैसे पडतील. मारियाकडे पैसे नाहीत. मग राहू दे आहे तसं, देवावर भरवसा ठेवू, असं तो म्हणतो. आत्महत्येबद्दल चर्च त्या काळी कठोर होतं, हे खरं. पण नियम कठोर असणं वेगळं आणि कठोर नियमाला दरपत्रक असणं वेगळं.

रुल्फो फादरला सैतान करत नाही. त्याच रात्री तो तळमळत पडतो. ही सगळी माझी चूक, जे मला पोसतात त्यांना दुखवायची मला भीती वाटते, गरिबांकडून काही मिळत नाही आणि प्रार्थनेने पोट भरत नाही, असं स्वतःशी बोलतो. एदुविहेससाठी दोन शब्द बोलायला माझं काय जात होतं? झोप यावी म्हणून तो कॅथलिक पंचांगातल्या संतांची नावं ओळीने म्हणायला लागतो, एकामागून एक उड्या मारणाऱ्या शेळ्या मोजाव्यात तशी. संतमालिका अशी झोपेचं औषध झालेली पाहून हसू येतं आणि लगेच ते घशात अडकतं.

आता आक्षेप. मग ही चर्चविरोधी कादंबरी झाली की! मेक्सिकोतल्या डाव्या विचारांच्या वाचकांना ती तशी वाचणं सोयीचं होतं आणि धार्मिकांना तशी वाचून टाळणंही. मला ते पटत नाही, कारण फादरचा सर्वांत कडक निवाडा नास्तिक किंवा क्रांतिकारक करत नाही, दुसरा धर्मगुरू करतो. फादर रेन्तेरीया शेजारच्या कोन्त्ला गावी कन्फेशनला जातो. तिथला धर्मगुरू सगळं ऐकून घेतो आणि पापमुक्ती नाकारतो. ज्या माणसाचं नाव घ्यायलाही तू कचरतोस त्याने तुझ्या चर्चच्या चिंधड्या केल्या आणि तू त्या होऊ दिल्यास, असं सुनावतो. नंतर दोघं अंगणात बसतात, आंबट फळांबद्दल बोलतात. इथे सगळं पिकतं पण आंबटच होतं, असा विषय निघतो. कोन्त्लाचा धर्मगुरू म्हणतो, कोमालाची जमीन चांगली आहे, एकाच माणसाच्या हातात आहे हे वाईट. फादर म्हणतो, देवाची इच्छा. त्यावर उत्तर येतं: या बाबतीत देवाच्या इच्छेचा काही संबंध असेल असं मला वाटत नाही.

ज्या मेक्सिकोत १९१० नंतरची क्रांती बऱ्याच अंशी जमिनीच्या प्रश्नावर पेटली, तिथे हे वाक्य एका पाद्र्याच्या तोंडी घालणं ही साधी गोष्ट नाही. धर्माच्याच मापाने धर्मसंस्थेला मोजणं इथे चालू आहे, आणि ते बाहेरच्या टीकेपेक्षा कितीतरी जड पडतं. मराठी माणसाला हे परकं वाटू नये. विठ्ठलपंतांना देहान्ताखेरीज प्रायश्चित्त नाही म्हणणारे धर्मपीठ आणि त्याच धर्माचा आधार घेऊन गीता सर्वांपुढे उलगडणारा त्यांचा मुलगा, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

प्रायश्चित्त नाकारलं जाण्याचा असाच एक प्रसंग कादंबरीत आहे आणि तो मला सर्वांत गूढ वाटतो. ओसाड गावात एका पडक्या घरात एक भाऊ आणि बहीण नवराबायकोसारखे राहतात. लोकांना दृढीकरणाचा संस्कार द्यायला बिशप त्या वाटेने गेले होते, तेव्हा बहिणीने त्यांना गाठून सगळं सांगितलं आणि लग्न लावून द्या म्हणून विनवलं. याला क्षमा नाही, वेगळे व्हा, असं सांगून ते निघून गेले. एदेनच्या बागेतलं पहिलं जोडपं रुल्फोने इथे उलटं करून ठेवलंय. गाव पुन्हा वसवायला निघालेले, पण जगाच्या सुरुवातीला नव्हे, शेवटाला. हुआन तिच्या शेजारी झोपतो तेव्हा तिचं शरीर उष्णतेने विरघळून चिखल होऊ लागतं. मातीपासून घडवलेला माणूस परत मातीत चालला आहे.

नावांचंही तेच. पेद्रो म्हणजे पीटर, ज्या खडकावर मी माझी मंडळी उभारीन असं ख्रिस्ताने म्हटलं तो. पारामो म्हणजे उजाड माळ. कादंबरी संपते तेव्हा पेद्रो पारामो दगडांच्या ढिगासारखा कोसळतो. प्रतीकांचा असा शोध फार ताणू नये हे मला मान्य आहे, सगळीकडे क्रूस दिसायला लागतात. पण पेद्रो पारामोने आयुष्यभर जिच्यावर प्रेम केलं ती सुसाना सान हुआन मरते ती ८ डिसेंबरला, मरियेच्या निष्कलंक गर्भधारणेच्या सणाला, आणि घंटा थांबेनात म्हणून शेजारच्या गावांतून लोक जत्रा समजून येतात, सर्कस येते, कोंबड्यांच्या झुंजी लागतात. या अपमानापायी पेद्रो पारामो हाताची घडी घालून गाव उपाशी मारतो. ही तारीख योगायोगाने पडलेली नाही. याच सुसानाच्या मृत्युशय्येशी फादर येतो आणि तिच्याकडून मरणाची वाक्यं वदवून घेतो, तोंडात माती भरली आहे वगैरे. ती मात्र त्याच्या शब्दांच्या आडून आपल्या प्रियकराचंच बोलत राहते. तिने आधीच दासीला सांगून टाकलेलं असतं की मी फक्त नरकावर विश्वास ठेवते.

रुल्फोला हे सगळं पुस्तकातून मिळालेलं नव्हतं. जन्म १९१७चा, दक्षिण हालिस्कोतला. १९२६ मध्ये राष्ट्राध्यक्ष कायेस यांनी चर्चविरोधी कायदे कडक केले, बिशपांनी सार्वजनिक उपासना बंद केली, आणि क्रिस्तेरोंचं, म्हणजे चर्चच्या बाजूने शस्त्र उचललेल्या कॅथलिकांचं, बंड पेटलं ते १९२९ पर्यंत चाललं. हालिस्को त्याच्या मध्यभागी. रुल्फोचा बाप त्याआधीच, १९२३ मध्ये, मारला गेला होता. आई १९२७ मध्ये गेली. पोरगा ग्वादालाहाराच्या अनाथालयात आणि पुढे काही काळ धर्मगुरू घडवणाऱ्या सेमिनरीत. गावच्या धर्मगुरूने आपली पुस्तकं सुरक्षित राहावीत म्हणून रुल्फोच्या आजीच्या घरी ठेवली होती आणि वाचायची गोडी त्याला तिथेच लागली. म्हणजे हा घरातला माणूस आहे.

कादंबरीच्या शेवटाकडे फादर रेन्तेरीयाही बंडात उतरतो. बातमी येते ती फक्त दोन ओळींची. पेद्रो पारामोचा भाडोत्री बंडखोर तिल्कुआते विचारतो, त्याच्या बाजूने जायचं की विरुद्ध? मालक म्हणतो, सरकारच्या बाजूने. तिल्कुआते म्हणतो, मी पाद्रीबाबाबरोबरच जातो, मोक्ष तरी आयता मिळेल. पुष्कळांना फादरच्या या बंडात त्याचा उद्धार दिसतो. अखेर तो उभा राहिला, असं ते म्हणतात. मला तसं वाटत नाही, आणि त्याचं कारण पुढच्याच काही पानांत आहे.

आबुंदियोची बायको मरते. तो पहाटे दारूच्या दुकानात येतो. दुकानदारीण विचारते, फादरकडे गेला होतास? गेलो होतो, पण ते डोंगरात आहेत म्हणाले, बंडात. म्हणजे तेसुद्धा? ती म्हणते, आपलं कसं व्हायचं रे आबुंदियो. त्याची बायको शेवटच्या संस्काराविना, कुणी जवळ नाही या दुःखात गेलेली असते. म्हणजे जमीनदाराचं खाऊन फादरने गरिबांना जे दिलं नाही, ते देवासाठी लढायला गेल्यावरही त्यांना मिळालेलं नाही. थोड्याच वेळात, पुरायला पैसे मागत, दारूच्या नशेत हाच आबुंदियो पेद्रो पारामोवर सुरा चालवतो.

पण त्याआधी दुकानदारीण एक काम करते. एकाच्या किमतीत त्याला दोन मापं दारू देते आणि म्हणते, तुझ्या बायकोला सांग, मला ती नेहमी आवडायची, स्वर्गात पोचली की माझी आठवण ठेव म्हणावं. जिवंतांनी मृतांसाठी आणि मृतांनी जिवंतांसाठी रदबदली करायची, हीच ती ट्रेंटची शिकवण. ती इथे दारूच्या गुत्त्यावर, पाद्र्याविना चालली आहे. मिस्सेशिवाय, वर सवलत देऊन.